मराठी डीटीपी फायलींचे जतन : स्थानिक इतिहासलेखनापुढील एक प्रश्न

प्रस्तुत लेखात अक्षरजुळणीच्या संगणकीय फायलींचा इतिहासाचे साधन म्हणून विचार केला आहे. 1985 मध्ये आल्डस कंपनीने पेजमेकर ही पृष्ठरचनेची प्रणाली आणली. मराठी मुद्रणव्यवसायात ती श्रीलिपीसारख्या फाँटच्या जोडीने रूढ झाली. मुरुमसारख्या गावांतील संस्थांच्या स्मरणिका, अहवाल व नियतकालिके यांच्या जुळणीचे हे युग होय.

भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक 1991 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. तथापि फाँट-निर्मात्यांचे अक्षरसंकेत परस्परांहून भिन्न होते. त्यामुळे मूळ फाँट नसल्यास मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे व निरर्थक चिन्हे दिसतात. शिवाय पेजमेकरची 2001 मधील 7.0 ही आवृत्ती अखेरची ठरली. इनडिझाइनमध्ये या फायली उघडण्याची सोयही 2012 च्या सीएस-6 आवृत्तीपर्यंतच राहिली.

येथे मोडीशी तुलना उद्बोधक ठरते. मोडी कागद लिपी शिकलेल्या अभ्यासकास आजही वाचता येतो. डीटीपी फायलीस मात्र फाँट, प्रणाली व संगणक या तिन्हींची साथ लागते. म्हणूनच फाईलची प्रत सीडीवर ठेवणे म्हणजे जतन नव्हे.

सारांश, जुना संगणक चालू आहे तोवरच मजकूर युनिकोडमध्ये आणून छापील प्रतीशी ताडून घ्यावा. पृष्ठरचना फाँटसह पीडीएफ-ए स्वरूपात ठेवावी व मूळ फाईलही राखावी. अन्यथा छापील प्रत नष्ट होताच स्थानिक इतिहासाचे हे साधन हाती असूनही मुके राहील.