पानिपतावरील घोड्यांचा हिवाळा

'पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा' हा प्रश्न आमच्या शाळांतून वर्षानुवर्षे विचारला जातो. मुले उत्तरही ठरावीक देतात: सरदारांमधील दुही, गोलाची लढाई की गनिमी कावा हा वाद, बरोबरचे बुणगे आणि यात्रेकरू. रसद तुटली हेही कारण शेवटी येते. पण कोणाची रसद, असे विचारले की वर्ग गप्प बसतो. घोड्याच्या तोबऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

घोडा हिवाळ्यात कशावर जगतो हे प्रथम पाहू. त्याच्या शरीरातील ऊब वैरणीतून येते. गवत, कडबा यांसारखा चोथट चारा त्याच्या मोठ्या आतड्यात तासन् तास आंबत राहतो आणि त्यातून उष्णता निर्माण होते. म्हणून थंडी वाढली की आधी वैरण वाढवावी लागते, दाणा त्यानंतर. वैरणीच्या जागी एकदम हरभऱ्याची चंदी वाढविली तर पोटशूळ उठतो. गार पाणी घोडा कमी पितो, आणि पाणी कमी पडले की कोरडा चारा पोटात अडतो. शिवाय थंडीत अंगावर दाट लव येते. तिच्याखाली घोडा वाळत चालला तरी डोळ्यांना दिसत नाही. खरारा करणारा मोतद्दार बरगड्यांवरून हात फिरवतो, त्या हातालाच ते कळते. एकदा उतरलेले मांस ऐन थंडीत परत चढविणे फार कठीण; ते थंडीपूर्वीच अंगावर असावे लागते.

ही दृष्टी मराठ्यांना नव्हती असे मात्र नाही. १६७३-७४ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याची बेगमी आताच उधळाल तर पुढे घोडे उपासाने मरतील आणि ते पाप तुमच्या माथी येईल, मग शिपाई रयतेच्या घरात शिरतील, असा त्याचा आशय आहे. जळती वात उंदराने नेली तर गवताच्या गंजी पेटतील, एवढ्या बारकाव्याची सूचनाही त्यात आहे. राजाने गवताच्या गंजीची अशी चिंता वाहावी, ही मला त्यांच्या कित्येक स्वाऱ्यांहून मोठी गोष्ट वाटते.

आता १७६० कडे वळू. १७ ऑक्टोबरला भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला; तेथे धान्यही हाती आले. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आला, आणि मराठ्यांची दक्षिणेची वाट बंद झाली. नोव्हेंबरच्या आरंभी पानिपतास खंदक खोदून तळ पडला, तो अडीच महिने. हिवाळा असा दारात उभा राहिला होता.

हिशेब करून पाहा. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने मराठ्यांचे घोडदळ पंचावन्न हजार सांगितले आहे. आपण चाळीस हजारच धरू. दक्षिणी घोडा अंगाने लहान. तरी त्याला दिवसाला सात किलो कोरडी वैरण हवीच. म्हणजे रोजची दोन लाख ऐंशी हजार किलो झाली! बैल, उंट, हत्ती यांत नाहीत. एका जागी खिळलेल्या तळाभोवतीचे रान इतका चारा किती दिवस देणार? मराठी घोडदळाचे बळ फिरण्यात होते. फिरता घोडा नव्या रानात चरतो. खंदकाच्या आत त्याचे हे बळच गेले. अब्दालीला यमुनेपलीकडून, नजीबखानाच्या मुलखातून रसद मिळत होती. ती तोडण्यास निघालेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. रात्री लाकूडफाटा, चारा आणण्यास बाहेर पडलेल्यांची शत्रूने कत्तल केली. मग बाहेर जाणे जवळजवळ थांबले.

शिलेदाराचा घोडा त्याच्या मालकीचा असे. तो मेला की त्याची चाकरी, प्रतिष्ठा आणि घरची चूल एकदमच जाई. आपल्या घोड्याच्या बरगड्या रोज हाताने मोजणाऱ्या त्या माणसाचे काय झाले असेल! त्या थंडीत झुलीही आत वाळणाऱ्या अंगाला किती पुरणार?

१४ जानेवारी १७६१ रोजी अशाच घोड्यांवर बसून फौज बाहेर पडली. दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे झुकलेले होते, हे विसरू नये. पण विश्वासराव पडल्यावर पळ सुटला आणि अफगाण स्वारांनी कोसन् कोस पाठलाग केला. त्या पळात महादजी शिंदे होते. पुढे त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत माल्कमने नोंदविली आहे. त्यांची दक्षिणी घोडी चपळ. पण विसाव्यास थांबले की मागे तोच एक अफगाण स्वार, आपल्या मोठ्या घोड्यावर, संथ चालीने येताना दिसे. अखेर घोडी थकून खड्ड्यात कोसळली. अफगाणाने महादजींच्या गुडघ्यावर घाव घातला, तो जन्माचा राहिला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून आपल्या पखालीच्या बैलावर घातले, आणि त्या बैलावरून ते दक्षिणेच्या वाटेस लागले.