सनद आणि हद्दपारी : रशियातील जर्मनांचा इतिहास

इतिहासात काही समाज असे आढळतात की, ज्यांचा एकही राजा नसतो, ज्यांच्या नावावर एकही मोठी लढाई नसते, आणि म्हणून सामान्य इतिहासग्रंथांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. रशियातील जर्मन हा असाच एक समाज होय. त्यांचा समग्र इतिहास येथे सांगण्याचा आमचा मनोदय नाही. राज्यसत्तेने दिलेल्या वचनाची किंमत किती, एवढा एकच प्रश्न आम्ही या इतिहासाला विचारणार आहोत.

रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन ही जन्माने जर्मन राजकन्या. तिच्या राज्यात व्होल्गा नदीच्या खालच्या खोऱ्यातील विस्तीर्ण माळ पडीक होता. तो लागवडीस आणावयास माणसे हवी होती. इकडे जर्मनीत सप्तवार्षिक युद्ध १७६३ साली संपले होते, आणि हेसेसारख्या प्रांतांतील रयत युद्धाने व करांनी पिचून गेली होती. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कॅथरिनने जाहीरनामा काढला. धर्मस्वातंत्र्य, पडीक जमिनीवर वसणाऱ्यांस तीस वर्षे करमाफी, गावचा कारभार गावाच्या हाती आणि लष्करी चाकरीतून सूट, अशी ती सनद होती. या सवलती वसाहतकारांच्या मुलाबाळांना व वंशजांनाही, ते रशियात जन्मले असले तरी, लागू राहतील, असे तीत स्पष्ट म्हटले होते.

१७६४ ते १७६७ या काळात व्होल्गाकाठी शंभरावर वसाहती उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या म्हणजे काय, तर प्रथम जमिनीत खड्डे खणून त्यांत हिवाळे काढावे लागले. कारण कबूल केलेली घरे तयारच नव्हती. जे कारागीर म्हणून आले होते, त्यांनाही नांगर धरावा लागला. पुढे १७८९ पासून मेनोनाइट, म्हणजे शस्त्र न धरण्याचे व्रत पाळणारा ख्रिस्ती पंथ, नीपर नदीकाठी वसला. १८०४ नंतर काळ्या समुद्राच्या उत्तरेसही जर्मन गावे वसली.

ही सनद सुमारे एक शतक टिकली. १८७१ साली दुसऱ्या अलेक्झांडरच्या सरकारने वसाहतकारांचे विशेष हक्क काढून घेतले, आणि १८७४ साली लष्करी सेवा सर्वांस लागू झाली. तेव्हा हजारो कुटुंबांनी कॅन्सस, नेब्रास्का, डाकोटा, कॅनडा, अर्जेंटिना यांची वाट धरली. परंतु बहुसंख्य लोक मागेच राहिले. १८९७ च्या जनगणनेत रशियन साम्राज्यात जर्मन भाषा बोलणारे सुमारे १८ लाख होते.

क्रांतीनंतर दुसरी सनद मिळाली. १९२४ साली व्होल्गा जर्मनांचे स्वायत्त प्रजासत्ताक स्थापन झाले. शाळा आणि कचेऱ्या यांत जर्मन भाषेला स्थान मिळाले. ही सनद मात्र सतराच वर्षे टिकली. हिटलरने रशियावर स्वारी केल्यावर, २८ ऑगस्ट १९४१ रोजी, या लोकांत हजारो हेर व घातपाती दडले आहेत असा ठपका ठेवून सरकारने सबंध समाज हद्दपार करण्याचा हुकूम काढला. एकट्या व्होल्गाकाठचे चार लाखांहून अधिक लोक आगगाडीच्या डब्यांत भरून सायबेरिया व कझाकस्तान येथे नेण्यात आले. पुढे स्त्रीपुरुषांना सक्तीच्या श्रमपथकांत जुंपले गेले. १९४८ साली ही हद्दपारी कायमची असल्याचे जाहीर झाले. १९५५ साली देखरेख उठली, पण घरी परतण्याची परवानगी नव्हती. १९६४ साली सरकारनेच तो ठपका निराधार होता असे कबूल केले. तरीही निवासावरील निर्बंध १९७२ पर्यंत राहिले, आणि ते प्रजासत्ताक पुन्हा कधीच उभे राहिले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यांना शिक्षा झाली त्यांचे पूर्वज पावणेदोनशे वर्षांपूर्वी जर्मनी सोडून आले होते. एकेकाचा अपराध तपासण्याचे श्रम कोणी घेतले नाहीत. भाषा आणि आडनाव हाच पुरावा ठरला. १९८७ नंतर वाट मोकळी झाली तेव्हा वीस लाखांच्या आसपास लोक जर्मनीस परतले. तेथे त्यांतील अनेकांना नवे बिरुद मिळाले, 'रशियन'!

मग या समाजाचा वारसा कोणता? दोन्ही सनदा गेल्या, प्रजासत्ताक गेले; उरले ते कोणत्याही सरकारने न दिलेले. हेसेकडील जुनी बोली व्होल्गाकाठी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. नेब्रास्कात आजही कोबी आणि मांस भरलेली त्यांची पावरोटी घरोघर माहीत आहे. १८७४ साली कॅन्ससमध्ये उतरलेल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी बरोबर आणलेला, असे मानले जाते तो, 'टर्की रेड' हा हिवाळी गहू पुढे त्या प्रांताचे मुख्य पीक झाला.

तथापि बोली आणि बियाणे टिकले, एवढ्यावर समाधान मानणे आम्हांस योग्य वाटत नाही. राजाने मेहेरबानी म्हणून दिलेला हक्क राजाची गरज सरली की परत जातो, हे १८७१ ने दाखविले. आणि न्यायासनापुढे दाद मागण्याची सोय नसेल, तर घटनेत लिहिलेला हक्कही एका रात्रीत नाहीसा होतो, हे १९४१ ने दाखविले. कोणत्याही देशातील अल्पसंख्याकांच्या हक्कांचा विचार करताना हे दोन्ही दाखले नजरेसमोर असावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.