एन्रॉनचा ताळेबंद आणि एक गृहपाठ

आजचा भाग एका गृहपाठाबद्दल आहे.

माझं आजोळ चिपळूणचं. तिथे ‘एन्रॉन’ हा शब्द मी कंपनीचं नाव म्हणून नाही, भांडणाचा विषय म्हणून ऐकला. शेजारच्या गुहागर तालुक्यातला दाभोळ वीज प्रकल्प, 1995 मध्ये युती सरकारने रद्द केलेला करार, पुन्हा वाटाघाटी, आणि 2001 मध्ये वीज मंडळाने थांबवलेली महागडी खरेदी. मामा अजूनही यावर तावातावाने बोलतो.

याच कंपनीची दुसरी गोष्ट मला बी.टेक. होऊन नोकरीला लागल्यावर कळली. ती घडली अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात.

साल 1998. एमबीएच्या वर्गात प्राध्यापक चार्ल्स ली ‘फायनान्शियल स्टेटमेंट अ‍ॅनालिसिस’ शिकवत होते. काम सरळ होतं: एक कंपनी निवडा, तिचे हिशेब वाचा, शेअर घ्यावा की विकावा ते सांगा. एका गटाने एन्रॉन निवडली. ‘फॉर्च्युन’ मासिक तेव्हा तिला अमेरिकेतली सर्वांत कल्पक कंपनी म्हणत होतं. मे महिन्यात पोरांनी अहवाल दिला: विका. नफ्याच्या आकड्यांत फेरफार असू शकतो.

त्यांच्याकडे कुठलीही आतली बातमी नव्हती. होते फक्त जाहीर हिशेब, आणि इंडियाना विद्यापीठाच्या मेस्सॉड बेनीश यांचं मॉडेल. त्यात आठ गुणोत्तरं असतात. एक उदाहरण सांगतो. किराणा दुकानाची विक्री दहा टक्के वाढली, पण उधारीची वही दुप्पट जाड झाली, तर तुम्ही काय म्हणाल? माल खरंच विकला गेला का, हेच विचाराल ना! मॉडेलही तेच विचारतं. शिवाय नफ्यातला किती भाग रोख आला आणि किती नुसता कागदावर आहे, हेही बघतं.

एन्रॉनमध्ये कागदावरचा नफा दाखवायला भरपूर वाव होता. 1992 पासून गॅसच्या करारांचे हिशेब ‘मार्क टू मार्केट’ पद्धतीने ठेवायची तिला परवानगी होती. म्हणजे काय, तर आज हापूसचं कलम लावायचं आणि पुढच्या वीस वर्षांच्या आंब्यांचा अंदाजी नफा आजच वहीत लिहायचा.

मग काय झालं? लगेच काहीच नाही! शेअर चढतच राहिला, ऑगस्ट 2000 मध्ये 90 डॉलरपर्यंत गेला. ‘विका’ म्हणणारी पोरं दोन वर्षं चुकीचीच दिसली असणार. नोव्हेंबर 2001 मध्ये कंपनीने 1997 पासूनचे हिशेब दुरुस्त केले आणि जुना नफा 50 कोटी डॉलरहून जास्त घटला. 2 डिसेंबरला दिवाळखोरीचा अर्ज. हजारो कर्मचाऱ्यांची निवृत्तीची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये होती, ती बुडाली.

हे वाचताना मला माझं 2021 आठवलं. एका ग्रुपवरच्या टिपवर मी दोन महिन्यांचा पगार एका शेअरमध्ये टाकला. नफा दरवर्षी वाढतोय, एवढंच बघितलं होतं. शेअर आपटल्यावर वार्षिक अहवाल उघडला. नफा होता, पण धंद्यातून आलेली रोकड सलग तीन वर्षं उणे. अहवाल पहिल्यापासून वेबसाइटवर फुकट पडलेला होता. रोज दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा मी, स्वतःचे पैसे टाकताना एक पान वाचलं नाही.

हिशेब वाचता आले म्हणून कोसळण्याची तारीख कळत नाही. कॉर्नेलच्या पोरांनाही ती कळली नव्हती. पण कुठे पाय ठेवू नये, हे कळतं.

तर आज एक गृहपाठ तुम्हालाही. तुमच्याकडे ज्या कंपनीचा शेअर आहे, तिचा वार्षिक अहवाल उघडा. निव्वळ नफा आणि धंद्यातून आलेली रोकड, या दोन ओळी पाच वर्षांच्या शेजारीशेजारी लिहा. काय दिसलं ते मला कळवा.

भेटू पुढच्या भागात!