महाबळेश्वरचे धावड

सातारा-सांगली भागात धातूची खाण कुठे आहे, असे विचारले तर बहुतेक जण नाही म्हणून मान हलवतील. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. सोने नाही, तांबे नाही, पारा तर नाहीच. पण लोखंड होते आणि ते इथेच काढले जात होते. हे काम करणाऱ्या लोकांना धावड म्हणत. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात हा शब्द लोखंड गाळणारे लोक याच अर्थाने दिला आहे. आज धावड म्हटले की लोकांना ब्रह्मेंद्रस्वामींची धावडशी आठवते, नाहीतर धावड्याचे झाड.

आधी दगडाचे सांगतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून सह्याद्री तयार झाला. या काळ्या दगडात शंभर भागांत साधारण दहा भाग लोह असते, पण ते इतर द्रव्यांत असे मिसळलेले की काढता येत नाही. काढण्याजोगे केले ते पावसाने. लाखो वर्षे उष्ण हवेत पाणी मुरत राहिले, दगडातली वाळूची द्रव्ये, चुना वगैरे विरघळून वाहून गेले आणि न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. तोच आपला जांभा. महाबळेश्वरचा माथा, पाचगणीचे टेबललँड, कासचे पठार, सगळीकडे ही लाल टोपी आहे. सहलीला मुलांना टेबललँडवर नेले की मी त्यांना सांगत असे, तुम्ही गंजावर उभे आहात. मुले हसत, पण त्यात खोटे काही नव्हते. जांभ्याचा लाल रंग गंजलेल्या लोखंडाचाच.

धावडांची खाण म्हणजे खोल विवर किंवा भुयार नव्हे. जांभ्यातला जड, लोह जास्त असलेला भाग वरवर खणून वेचायचा, फोडून बारीक करायचा. मग मातीची भट्टी. तिच्यात लोणारी कोळसा आणि खनिज यांचे थर, खालून कातड्याच्या भात्याने तासन् तास वारा. इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. या भट्टीत लोखंड वितळत नसे. त्याला १५३८ अंश लागतात, आणि मातीच्या भट्टीत साधारण १२०० अंशांपर्यंतच मजल जाई. वितळे तो मळ, आणि लोखंडाचा सच्छिद्र गोळा तळाशी राही. तो लाल असतानाच ठोकून ठोकून उरलेला मळ बाहेर काढायचा. हा मळ म्हणजे कीट. वैद्य लोक त्याला मंडूर म्हणतात. शंभर वर्षे जुना मंडूर औषधाला उत्तम, असे आयुर्वेदाचे ग्रंथ सांगतात. धावडाने टाकून दिलेलेही कुणाच्या तरी उपयोगी पडत होते!

खरा प्रश्न लाकडाचा होता. एक किलो कोळशाला पाच-सहा किलो लाकूड जाते आणि एक किलो लोखंडाला कित्येक किलो कोळसा. जांभळ, अंजनी यांचे रान जवळ होते म्हणूनच भट्ट्या तिथे होत्या. धावड मुख्यतः मुसलमान. त्यांच्यासाठी रान हेच भांडवल.

१८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी वाईकडच्या खंडाळ्याच्या बदल्यात महाबळेश्वर इंग्रजांना दिले. गव्हर्नर माल्कमच्या नावाने पेठ वसली. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याच्या जंगलांवर डॉ. गिब्सन यांची नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी आप्पासाहेब महाराज वारले आणि त्यांचे दत्तकविधान नामंजूर करून सातारचे राज्य खालसा झाले. मग १८६५ आणि १८७८ चे जंगल कायदे आले. १८८५ च्या सातारा गॅझेटिअरमध्ये धावडांची नोंद आहे ती बंद पडलेल्या धंद्याची.

विलायती स्वस्त लोखंडाने हा धंदा मारला असे आपण सरसकट म्हणतो. ते खरेच आहे, पण माझ्या मते अर्धेच. बाजारात स्वस्त माल आला तरी कारागीर काही काळ तग धरतो, नांगराचे फाळ आणि विळे-कोयते करून पोट भरतो. कोळसाच मिळेनासा झाला की मात्र त्याच दिवशी भट्टी विझते. भट्ट्या रान खात होत्या हेही नाकारता येत नाही. डोंगर बोडके झाले असते तर कृष्णा-कोयनेचे काय झाले असते, हा विचार मनात येतोच. पण त्याच माथ्यावर साहेबांचे बंगले उठले. त्यांच्या चुलींना आणि शेकोट्यांनाही लाकूडच लागत होते. त्या लाकडाचा हिशेब धावडांच्या कोळशाइतक्या काटेकोरपणे कुणी मांडला असेल असे मला वाटत नाही.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर, कुंडल स्टेशनाजवळ, लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला. आज ती किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. खोरे तेच, कृष्णेचे. किर्लोस्करवाडीचा धडा आम्ही वर्षानुवर्षे शिकवला. पण कृष्णेच्या उगमापाशी पूर्वी लोखंड निघत होते, हे मला एकाही क्रमिक पुस्तकात सापडले नाही.