‘कार्टोफेल’ आणि ‘एर्डआपफेल’ : एका कंदाची दोन नावे

भाषेचा प्रश्न निघाला की सीमाभागात एक आक्षेप हमखास पुढे येतो : एकाच वस्तूला दोन नावे कशाला? राज्याने एक शब्द ठरवावा आणि सर्वांनी तो निमूटपणे वापरावा. हा आक्षेप किती पोकळ आहे हे पाहण्यासाठी आम्ही आज वाचकांना जर्मन भाषेच्या प्रदेशात नेत आहोत. उदाहरण अगदी साधे आहे, बटाट्याचे.

दक्षिण अमेरिकेतला हा कंद सोळाव्या शतकात युरोपात आला. इटालियनांना जमिनीखाली वाढणारे एक मौल्यवान भूछत्र परिचित होते. त्याच्याशी साम्य पाहून त्यांनी नव्या कंदाला ‘टार्टूफोलो’ म्हटले. या शब्दाचे मूळ लॅटिन ‘टेर्रे टूबर’, म्हणजे भूमीतला गड्डा. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस यांना १५८८ मध्ये व्हिएन्नात बटाटे मिळाले. त्या वेळच्या चित्रावर ‘टाराटूफली’ हेच नाव लिहिलेले आहे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने २४ मार्च १७५६ रोजी बटाट्याच्या लागवडीचा हुकूम काढला, त्यातही ‘टार्टोफेल्न’ असाच शब्द आहे. लागोपाठचे दोन ‘ट’ जिभेला जड जातात, म्हणून पहिल्याचा ‘क’ होऊन ‘कार्टोफेल’ रूढ झाले. भाषाशास्त्रात याला विषमीभवन म्हणतात. संस्कृत ‘लांगल’ शब्दातले दोन ‘ल’ वेगळे होऊन आपला ‘नांगर’ झाला, तो याच प्रवृत्तीने.

दक्षिणेत मात्र दुसरा शब्द टिकला. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियात बटाट्याला ‘एर्डआपफेल’ म्हणतात, म्हणजे भूमीचे सफरचंद. हा शब्द बटाट्याहून कितीतरी जुना आहे. जुन्या जर्मनमध्ये तो जमिनीलगत येणाऱ्या निरनिराळ्या फळांना व कंदांना लावीत, आणि नवा कंद येताच तो त्याला मिळाला. आपल्याकडे हिंदीत असेच घडले : ‘आलू’ हा जुन्या कंदांसाठीचा संस्कृत शब्द बटाट्याकडे गेला, आणि ‘रताळू’मध्ये तो अजूनही जुन्या अर्थाने नांदतो. मराठीने व गुजरातीने पोर्तुगीजांकडून ‘बटाटा’ घेतला. इंदूर-ग्वाल्हेरचा मराठी माणूस मंडईत ‘आलू’ मागतो आणि घरी ‘बटाट्याची भाजी’ करतो, त्याने दोन्ही भाषांचे काहीच बिघडत नाही.

ऱ्हाईनकाठच्या काही प्रदेशांत तिसरे नाव आहे : ‘ग्रुंडबिर्ने’, जमिनीतले नाशपाती. बोलीभाषेत त्याची रूपे आणखी आटोपशीर झाली. जर्मन भाषकांच्या संपर्कातून हा शब्द शेजाऱ्यांकडेही गेला. हंगेरियनमधील ‘क्रुम्प्ली’ आणि क्रोएशियनमधील ‘क्रुम्पिर’ ही त्याचीच अपत्ये. परप्रांती वसलेला समाज शेजाऱ्यांकडून शब्द घेतो तसाच त्यांना देतोही, याचा याहून चांगला दाखला कोणता?

आता मुख्य मुद्दा. १ जानेवारी १९९५ रोजी ऑस्ट्रिया युरोपीय संघात दाखल झाला. संघाच्या कागदपत्रांत जर्मनीचेच शब्द येणार आणि आपले शब्द मागे पडणार, ही धास्ती तेथील जनतेला होती. म्हणून प्रवेशाच्या करारात दहावा प्रोटोकॉल जोडण्यात आला. त्यात खाद्यपदार्थांची २३ ऑस्ट्रियन नावे नोंदवली असून जर्मनीतील प्रतिशब्दांइतकाच दर्जा आणि तितकेच कायदेशीर बळ त्यांना दिले आहे. ‘एर्डआपफेल’ त्यांपैकी एक.

या तरतुदीने जर्मन भाषा दुभंगली नाही आणि संघाचे कामकाजही अडले नाही. एका शब्दाला मान देण्यासाठी दुसऱ्याचा अपमान करावा लागत नाही, एवढेच सिद्ध झाले. सीमाभागातील मराठी माणूस फलकावर, पावतीवर, अर्जावर आपली भाषा मागतो तेव्हा तो शेजाऱ्याची भाषा पुसून टाका असे म्हणत नाही. तिच्या शेजारी आपल्याही भाषेला जागा असावी, इतकेच त्याचे मागणे आहे. जी जागा बटाट्याच्या एका नावाला कराराने मिळू शकते, ती पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या लोकभाषेला नाकारण्याचे कारण आम्हांला तरी दिसत नाही.