देवदत्त की मत्तय?



बाप्तिस्म्याच्या अर्जांची जुळवाजुळव करताना मागच्या महिन्यात एक अर्ज नावाविनाच हाती आला. बाकीचे रकाने भरलेले, धर्मपिता-धर्ममातेच्या सह्याही झालेल्या, फक्त बाळाच्या नावाची जागा कोरी. विचारले तेव्हा कळले की घरात दोन तट पडले आहेत. आईवडिलांना मुलाचे नाव 'देवदत्त' ठेवायचे होते. आजोबांचे म्हणणे, "हे हिंदूंचे नाव झाले. आपल्या घरात चार पिढ्या पवित्र शास्त्रातलीच नावे चालत आली. मत्तय ठेवा." सून रडकुंडीला आलेली, आजोबा प्रार्थनेनंतर कोणाशी न बोलता निघून गेलेले. पाळकसाहेबांनी मला सांगितले, "तुम्ही जरा बोलून बघा."

मी काही पंडित नाही. रविवारी खुर्च्या लावणे, गीतांच्या वह्या वाटणे आणि नोंदवही सांभाळणे एवढे माझे काम. पण नोंदवही सांभाळणाऱ्याला नावांचा नाद लागतोच. त्या रात्री शब्दकोश काढून बसलो आणि हसू आले. दोन्ही तट एकाच नावासाठी भांडत होते.

मत्तय हे मूळ इब्री 'मत्तित्याह'. 'मत्तात' म्हणजे देणगी, आणि 'याह' हे परमेश्वराच्या नावाचे लघुरूप. परमेश्वराची देणगी. देवाने दिलेला. देवदत्त!

'दिले' या अर्थाच्या 'नातान' या इब्री क्रियापदाने तर पवित्र शास्त्रात मोठे कुटुंबच वसवले आहे. दाविदाला त्याचे पाप तोंडावर सांगणारा नाथान, दाविदाचा जिवलग योनाथान, अंजिराच्या झाडाखाली येशूने पाहिलेला नथनेल. नुसते 'दिले', 'याहने दिले', 'एलने म्हणजे देवाने दिले', एवढाच काय तो फरक. इब्री माणूस अशा नावाचे दोन तुकडे उलटसुलटही जोडत असे. योहान आणि हनन्या ही नावे कानाला किती वेगळी लागतात! पण एकात 'याह' आधी आणि 'कृपा केली' नंतर, दुसऱ्यात 'कृपा केली' आधी आणि 'याह' नंतर. ग्रीकांनीही तेच केले. 'थेओस' म्हणजे देव आणि 'दोरोन' म्हणजे भेट यांपासून थिओडोर झाला, आणि तुकडे फिरवले की डोरोथी. आपल्या मंडळीतल्या डोरोथीबाई म्हणजे अर्थाने देवदत्ताच. स्लाव्ह भाषांत हाच अर्थ बोगदान या नावात आहे, अरबीत अताउल्ला, फारसीत खुदाबक्ष. मूल पहिल्यांदा हातात घेतले की जगातल्या सगळ्या आयांना एकच गोष्ट सुचत असावी.

लॅटिनमधल्या अशा एका मुलाची गोष्ट मला फार लागते. संत ऑगस्टिन तरुणपणी एका स्त्रीबरोबर विवाहाविना राहत होता. त्यांना मुलगा झाला. ऑगस्टिन स्वतःच पुढे कबूल करतो की हे मूल त्याला हवे होते असे नाही. तरी नाव काय ठेवले? अदेओदातुस, 'देवाने दिलेला'. ३८७ सालच्या ईस्टरला मिलान शहरात बिशप अँब्रोज यांच्या हातून बापलेकांचा बाप्तिस्मा एकदमच झाला. मुलगा तेव्हा पंधराएक वर्षांचा होता आणि त्याची बुद्धी पाहून बाप दिपून जाई. दोघांचा संवाद म्हणून लिहिलेला ऑगस्टिनचा एक छोटा ग्रंथही आहे. त्यानंतर थोड्याच काळात मुलगा वारला. नको असलेल्या मुलाला नाव दिले 'देवाने दिलेला', आणि तो खरोखर हवासा झाला तेव्हा त्याला परत द्यावे लागले.

हे सगळे आजोबांना सांगितले. ते ऐकून घेणारे आहेत, पण सहज मानणारे नाहीत. म्हणाले, "अर्थ एक असेल. पण देवदत्त हा तर बुद्धाचा वैरी होता!" खरे आहे. बौद्ध परंपरेत देवदत्त हा बुद्धाचा चुलतभाऊ आणि संघात फूट पाडणारा. मग मी त्यांना विचारले, यहूदा या नावाचे काय करायचे? त्याचा अर्थ स्तुतीशी जोडलेला. लेआने चौथ्या मुलाला ते नाव दिले, त्याच्या वंशात दावीद आणि पुढे प्रभू जन्मला. बारा शिष्यांत त्या नावाचे दोघे होते, एक इस्कर्योत आणि दुसरा याकोबाचा यहूदा. त्या दुसऱ्याने काय वाईट केले होते? तरी आज आपल्यात कोणी मुलाचे नाव यहूदा ठेवत नाही. उलट संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना विचारा, तिथे देवदत्त हा अगदी साधा, कोणीही माणूस असतो. देवदत्त भात शिजवतो, देवदत्त गावाला जातो. आपल्याकडे उदाहरणात 'राम आंबा खातो' म्हणतात तसे.

आजोबांचा खरा मुद्दा मात्र याहून खोल होता आणि तो टाळून चालणार नाही. शास्त्रातले नाव ते शास्त्रातलेच, त्याचे भाषांतर केले की ते शास्त्रातले राहते का?

यावर नव्या करारातच उत्तर आहे. आंद्रियाने भावाला प्रभूकडे आणले तेव्हा प्रभूने त्याला केफा म्हटले. केफा हा अरामी शब्द, अर्थ खडक. योहान लगेच ग्रीक वाचकासाठी सांगतो की म्हणजे पेत्र. प्रत्यक्ष प्रभूने ठेवलेले नाव, आणि मंडळीने ते जसेच्या तसे न उचलता त्याचा अर्थ आपल्या भाषेत आणला! आपण आज पेत्र म्हणतो, गोव्याकडचे लोक पेद्रू म्हणतात, तो त्या भाषांतराचाच नाद आहे. यापोत गरिबांसाठी कपडे शिवणारी टबीथा हिचेही तेच. लूक तिचे ग्रीक नाव दुर्कस असे देतो. दोन्हींचा अर्थ हरिणी. थोमा म्हणजे अरामीत जुळा, म्हणून ग्रीकमध्ये दिदुम.

त्याहून मोठे नवल रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात आहे. वाचताना तो अध्याय आपण नेहमी पटकन उरकतो, नुसत्या सलामांची यादी म्हणून. पण नावे बघा. फीबी म्हणजे तेजस्वी, ग्रीकांच्या चंद्रदेवतेचे विशेषण. हर्मेस हे तर सरळ देवाचेच नाव. निरिय हा समुद्रदेव. दुसरीकडे अपुल्लोस आहे, त्याचे नाव अपोलोवरून आलेले. फिलिप्पैहून पौलासाठी मदत घेऊन आलेला आणि मरणाच्या दारातून परतलेला एपफ्रदीत, त्याच्या नावात आफ्रोदिती आहे. अथेन्समध्ये विश्वास ठेवणारा दियनुस्य हा मद्याच्या देवाच्या नावाचा. यांपैकी कोणालाही पौलाने "आधी नाव बदल" असे सांगितल्याचे दिसत नाही. त्यांची तीच नावे आज पवित्र शास्त्रात आहेत आणि आपण ती उपासनेत मोठ्याने वाचतो.

"पण शौलाचा पौल झाला ना?" हे मला दर वेळी कोणीतरी विचारते, आजोबांनीही विचारले. दिमिष्काच्या वाटेवर नाव बदलले असे आपल्याला संडेस्कूलपासून वाटते. प्रेषितांची कृत्ये नीट वाचा. नवव्या अध्यायातल्या दर्शनानंतरही लूक त्याला शौलच म्हणत राहतो. तेराव्या अध्यायात कुप्रात रोमी सुभेदारासमोर उभा असताना एवढेच म्हटले आहे की शौलाला पौलही म्हणत. म्हणजे त्याला नावे दोन होती, घरचे यहूदी आणि बाहेरचे रोमी. आपल्या कितीतरी घरांत नोंदवहीत सुझन आणि हाकेला सुशीला असते, तसेच. मोशेची तर कथा आणखी मजेची. इब्री शास्त्र त्याचा संबंध 'पाण्यातून काढणे' या शब्दाशी जोडते, पण नाव ठेवणारी फारोची मुलगी. मिसरी भाषेत त्याच घडणीचा शब्द 'जन्मलेला, पुत्र' या अर्थाने थुतमोस, रामसेस अशा राजांच्या नावांत आहे. इस्राएलाला मिसरातून सोडवणारा माणूस जन्मभर मिसरी नाव वागवत होता.

दुसरी बाजूही आहे, आणि तिथे माझी सहानुभूती आजोबांकडे झुकते. नाव बदलणे हे सत्तेचे हत्यार असते. बाबेलात चार यहूदी पोरांना धरून नेले तेव्हा खोजांच्या सरदाराने पहिले काम नावे बदलण्याचे केले. दानीएल म्हणजे 'देव माझा न्यायाधीश'. हनन्या, मीशाएल, अजऱ्या या तिन्ही नावांतही देवाचे नाव गुंफलेले. ते काढून बाबेलच्या देवतांशी जोडलेली नावे त्यांच्यावर लादली. दानीएल मात्र दानीएलच राहिला. गंमत अशी, की बाकी तिघांना आपण अजूनही शद्रख, मेशख, अबेदनगो असेच म्हणतो आणि मुलांना तसेच शिकवतो!

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात बाप्तिस्मे केले तेव्हा जुने नाव पुसून नवे दिले जाई, आडनावही पुष्कळदा धर्मपित्याचे लागे. आपल्या बेळगाव भागात गोव्याकडून आलेल्या घरांत ती नावे आजही आहेत. जुवांव म्हणजे योहान, तियागो म्हणजे याकोब. आता ती त्यांची स्वतःची झाली आहेत, प्रेमाची आहेत, त्यांना परकी म्हणण्याचा हक्क कोणालाच नाही. पण ती निवडून घेतलेली नव्हती, हेही विसरू नये.

मराठी मंडळीत एकोणिसाव्या शतकात लोकांनी स्वतः निवड केली, आणि ती प्रत्येकाने वेगळी केली. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेतला आणि नहेम्या हे नाव घेतले, 'परमेश्वर सांत्वन करतो' या अर्थाचे. गोऱ्हे आडनाव मात्र राहू दिले. आपल्या बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले ते बाबा पदमनजीच राहिले आणि त्याच नावाने 'यमुनापर्यटन' लिहिले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. नारायण हे विष्णूचे नाव आणि वामन हा विष्णूचा अवतार. त्यांनी दोन्ही ठेवली. लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच राहिल्या. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त भेटणारा दत्तू आठवतो ना? तेच देवदत्त नारायण टिळक. हे सांगितल्यावर आजोबांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला, कारण त्यांच्या उशाशी 'स्मृतिचित्रे'ची जुनी प्रत असते.

पंडिता रमाबाईंचा आणि त्यांच्या लेकीचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. मेरी हे नाव जोडले गेले, पण रमा आणि मनोरमा कायम राहिल्या. मनोरमा म्हणजे मनाला रमवणारी. रूथच्या पुस्तकातल्या नामीच्या नावाचा अर्थही याच्या अगदी जवळचा, रमणीय, आनंद देणारी. नवरा आणि दोन्ही मुलगे गेल्यावर नामी गावच्या बायकांना म्हणते की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कडू. रमाबाई इब्री आणि ग्रीकवरून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणत होत्या, तेव्हा ते पानही त्यांच्या हाताखालून गेले असणार. १९२१ मध्ये मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. भाषांतर तेवढे पुरे झाले होते.

तरुण आईबापांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. मोबाईलवरच्या नावांच्या याद्यांवर डोळे मिटून विसंबू नका. तिथे प्रत्येक नावापुढे एक गोड अर्थ असतोच. मरीया हे नाव घ्या. त्याचा नक्की अर्थ सांगता येत नाही. कोणी कडू म्हणतो, कोणी मिसरी भाषेवरून लाडकी म्हणतो. 'समुद्राचा तारा' हा प्रसिद्ध अर्थ तर बहुतेक अभ्यासकांच्या मते नकलकाराच्या चुकीतून आला. जेरोमने लॅटिनमध्ये 'समुद्राचा थेंब' अशा अर्थाने 'स्तिल्ला' लिहिले, पुढे कोणीतरी त्याचे 'स्तेल्ला', म्हणजे तारा, केले. त्या एका अक्षराच्या चुकीवर शतकानुशतके नावाड्यांनी वादळात हाका मारल्या आहेत.

आणि मंडळीचा नियम काय? आमच्यात तर लेखी नियम नाहीच. कॅथॉलिक बांधवांच्या १९१७ च्या कायदासंहितेत असे होते की ख्रिस्ती नाव द्यावे, आईबाप ऐकत नसतील तर पाळकाने एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही वहीत लिहावीत. १९८३ च्या संहितेत कलम ८५५ एवढेच म्हणते की ख्रिस्ती भावनेला परके असे नाव नसावे.

गेल्या रविवारी बाप्तिस्मा झाला. अर्ज आदल्या संध्याकाळी आजोबांनी स्वतः आणून दिला. कोरी जागा त्यांच्याच थरथरत्या अक्षरांत भरलेली होती, देवदत्त मत्तय. मी म्हटले, "आजोबा, एकच नाव दोनदा लिहिलेत." ते म्हणाले, "असू दे. एक तिच्यासाठी, एक माझ्यासाठी." मी ते तसेच वहीत उतरवले. घरात त्याला सगळे दत्तू म्हणतात, आजोबासुद्धा.