इंग्रजी संभाषणातील उपयुक्त वाक्प्रयोग : व्याकरण पक्के झाल्यानंतरचा टप्पा

इंग्रजी वाचता येते, लिहिता येते, परीक्षेत गुणही चांगले पडतात. तरी समोरासमोर बोलताना वाक्य तुटक किंवा उद्धट वाटते. नांदेड आणि लातूरच्या अनेक मुलामुलींना ही अडचण पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला मुलाखतीला गेल्यावर जाणवते. चूक व्याकरणात नसते. मराठीत नम्रता बरीचशी क्रियापदात असते, तर इंग्रजीत ती ठरलेल्या वाक्प्रयोगांत असते. हे वाक्प्रयोग माहीत नसले तर बिनचूक वाक्यही ऐकणाऱ्याला खटकते.

ही अडचण का येते?

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्यामुळे या भाषेची तोंडओळख आता लवकर होते. मात्र ‘लातूर पॅटर्न’ ज्यासाठी ओळखला जातो, ती तयारी मुख्यतः लेखी परीक्षांची असते. ‘नीट’मध्ये चार पर्यायांतून एक उत्तर निवडायचे असते, तिथे समोर कोणी बोलणारा नसतो. नांदेडची गोष्ट थोडी वेगळी आहे. सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे इथे परदेशांत स्थायिक झालेली शीख कुटुंबेही दर्शनाला येतात. दुकानदार, रिक्षाचालक आणि लॉजवाल्यांना त्यांच्याशी बोलताना हेच वाक्प्रयोग कामी येतात.

विनंती करताना

मराठीत ‘दे’, ‘द्या’, ‘द्याल का’, ‘जरा द्या ना’ अशा पायऱ्या आहेत. इंग्रजीत ‘गिव्ह’ हे एकच रूप सगळ्यांना चालते. म्हणून ‘गिव्ह मी द फॉर्म’ म्हणणाऱ्याच्या मनात ‘फॉर्म द्या’ असते, पण ऐकणाऱ्याला ‘फॉर्म दे’ ऐकू येते. पुढे ‘सर’ जोडले तरी आज्ञा ती आज्ञाच राहते. त्याऐवजी :

• ‘कुड यू गिव्ह मी द फॉर्म, प्लीज?’ – फॉर्म देता का जरा?
• ‘वुड यू माइंड वेटिंग अ मिनिट?’ – मिनिटभर थांबायला हरकत नाही ना? इथे ‘माइंड’ म्हणजे हरकत असणे. म्हणून होकार द्यायचा तर ‘नॉट ॲट ऑल’ म्हणावे. नुसते ‘येस’ म्हटले तर ‘हरकत आहे’ असा अर्थ निघू शकतो.
• ‘आय वॉज वंडरिंग इफ आय कुड लीव्ह अर्ली टुडे’ – आज लवकर निघू का, असं विचारायचं होतं. गोष्ट आजची असून क्रियापद भूतकाळी आहे. मराठी माणसाला हे नवे नाही. ‘तुमच्याकडे जरा काम होतं’ म्हणताना आपणही तेच करतो.

मतभेद दाखवताना

‘यू आर राँग’ म्हणजे सरळ ‘तुमचं चुकतंय’. गटचर्चेत किंवा साहेबांसमोर आधी समोरच्याचे थोडे मान्य करावे :

• ‘आय सी व्हॉट यू मीन, बट…’ – तुमचं म्हणणं लक्षात आलं, पण…
• ‘दॅट्स अ फेअर पॉइंट, बट…’ – मुद्दा रास्त आहे, पण…
• ‘आय ॲम नॉट सो शुअर अबाउट दॅट’ – मला तसं वाटत नाही, हे सौम्यपणे सांगणे.

‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ शब्दशः फार आदराचे वाटते. प्रत्यक्षात त्यानंतर बहुधा कडक विरोध येतो. ते जपून वापरावे.

कळले नाही तर

वडीलधाऱ्यांना आपण ‘काय?’ न म्हणता ‘काय म्हणालात?’ म्हणतो. तसेच ‘व्हॉट?’ टाळावे.

• ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट’ – नीट ऐकू आले नाही.
• ‘आय ॲम नॉट शुअर आय फॉलो’ – ऐकू आले, पण अर्थ लागला नाही.

‘आय हॅव अ डाउट’ भारतात शंका विचारण्यासाठी सर्रास चालते. परदेशी माणसाला मात्र त्यात अविश्वास दिसू शकतो. त्याच्याशी ‘आय हॅव अ क्वेश्चन’ बरे. तसेच ‘कळायलंय’ या बोलीतल्या रूपावरून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ तोंडात येते. तिथे साधे ‘आय अंडरस्टँड’ पुरते.

विचार करायला वेळ हवा असेल तर

मुलाखतीत गप्प राहण्यापेक्षा ‘लेट मी थिंक अबाउट दॅट फॉर अ मोमेंट’ म्हणावे. शब्द सापडत नसेल तर ‘हाउ शुड आय पुट इट?’ म्हणजे ‘कसं सांगावं?’ असे म्हणून पुढे बोलता येते.

फोनवर आणि निरोप घेताना

फोन उचलून ‘बोला’ म्हणणे मराठीत आपुलकीचे आहे. त्याचे ‘टेल मी’ केले की ते तुटक वाटते. ‘हाय, हाउ कॅन आय हेल्प?’ हे कामाच्या फोनवर योग्य. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, कारण ‘जातो’ म्हणणे बरे वाटत नाही. इंग्रजीत ‘आय ॲम कमिंग’ म्हटले तर उलट अर्थ होतो. तिथे ‘आय शुड गेट गोइंग’ म्हणावे.

किती नम्र व्हावे?

नम्रतेचे वजन मागणीच्या वजनाइतके असावे. शेजाऱ्याचे पेन हवे असेल तर ‘कॅन आय बॉरो युवर पेन?’ पुरे. त्यासाठी ‘आय वॉज वंडरिंग’ वापरले तर ते टोमण्यासारखे वाटू शकते. चार दिवसांची रजा हवी असेल तर मात्र तेच वाक्य शोभते. म्हणून सराव करताना वाक्यांची यादी पाठ करण्यापेक्षा कोणाला, काय आणि किती मोठे मागायचे आहे हे आधी ठरवावे, मग वाक्य निवडावे.